परत न गेलेली पाठराखीण

मुलांनो, मागच्या महिन्यात तुमच्या शाळेची सहल एका जुन्या शेतावर गेली होती. तिकडे गोरे लोक नव्याने येऊन वसले त्या काळातलं ते शेत, आता जपून ठेवलेलं. मोठ्या घराच्या मागे विकत घेतलेल्या बायकांच्या खोल्या आहेत, भिंतीवर त्यांची यादी लावली आहे आणि कित्येकींच्या नावाच्या जागी नुसतं काम लिहिलं आहे, असं थोरलीने मला फोनवर सांगितलं. मग तिने विचारलं, "आजी, आपल्याकडे असं नव्हतं ना?" मी म्हटलं, "नाही गं बाळा." नंतर आम्ही तिच्या खोकल्याबद्दल बोललो.

ते उत्तर बरोबर नव्हतं. फोन ठेवल्यावर मी दुरुस्त करायला हवं होतं, पण अशा गोष्टी फोनवर क्रमाने सांगता येत नाहीत आणि मला क्रम सोडून सांगता येत नाही. ज्यांना हे माहीत होतं ती माणसं एकेक करून गेली. मीच उरले आहे आणि माझंही वय झालं. मी लिहिलं नाही तर तुमच्याकडे माझं 'नाही' तेवढं राहील. तुम्हाला मराठी वाचायला अडेल तिथे आई वाचून दाखवेल.

मी लग्न होऊन तुर्भ्याजवळच्या खाडीकाठच्या गावात आले तेव्हा सत्तर साल उजाडलं होतं. मी मुंबईत वाढलेली, इंग्रजी शाळेतली, बी.ए. झालेली. तुमचे आजोबा गावातल्या मोठ्या घरातले. त्या घराकडे एकेकाळी पाटीलकी होती, आणि खाडीच्या कडेने बांध घालून खारं पाणी अडवलेली भातशेती होती. आज जिथे तुम्ही सुट्टीत येऊन लिफ्टची बटणं दाबता, तिथून चालत अर्ध्या तासावर ती जमीन होती.

पहिल्या सकाळी मी चुलीपुढे बसले आणि धुराने डोळे लाल करून घेतले. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या.

"बी.ए. जाली म्हनतान," त्या म्हणाल्या, "चूल पेटवाला येत नाय."

माझ्या मागून एक हात आला, लाकूड जरा वर उचललं आणि जाळ धरला. "तुमाला तरी कुटं येत होती?" ज्या बाईचा तो हात होता ती म्हणाली. "धा वर्सं मीच पेटवून देत होते. पोरीला कनाला बोलताव?"

सासूबाईंना असं बोलणारं त्या घरात दुसरं कोणी नव्हतं. सासरेबुवाही नाहीत. मला वाटलं, ही त्यांची थोरली बहीण किंवा जाऊ असावी. दुपारी पंगत उठली, सगळ्यांचं जेवण झालं, आणि ती बाई पडवीच्या खांबापाशी पालथं घातलेलं जर्मनचं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं, ताट उचलून मागच्या पायरीवर बसली, तेव्हा माझी चूक मला कळली.

तिला सगळे बाय म्हणत. बाय ही आमच्या भागात कुठल्याही बाईला घालायची हाक. तिचं खरं नाव मला माहीत आहे, पण तिला विचारल्याशिवाय मी ते कुठे लिहिलं होतं त्याचीच ही हकीकत आहे, म्हणून इथे पुन्हा लिहीत नाही.

सासूबाईंचं माहेर उरणकडचं, आमच्यापेक्षाही मोठं. लग्नात त्या बारा वर्षांच्या होत्या. नवी नवरी एकटी सासरी जात नाही. तिच्यासोबत माहेरची एखादी बाई किंवा मुलगी जाते, तिला पाठराखीण म्हणतात. चार दिवस नवरीला सोबत करायची, तिचे केस विंचरायचे, ती रडली तर तिच्याजवळ झोपायचं, आणि मग परत जायचं. सासूबाईंच्या वडिलांनी त्यांच्या शेतावर राबणाऱ्या जोडप्याची आठ वर्षांची मुलगी पाठराखीण म्हणून होडीत बसवून दिली. चार दिवस झाले, सासूबाई तिला सोडेनात, आणि तिला परत मागायला येण्याची तिच्या आईबापांची प्राज्ञा नव्हती. ती राहिली. तिची आई वारली हे तिला पुढच्या पावसाळ्यानंतर कळलं, मीठ घेऊन आलेल्या एका होडीवाल्याकडून.

ती काय काम करत होती ते सांगते. पहाटे शेण, मग विहिरीचं पाणी, मग चूल. पावसाळ्याआधी भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायची, नंतर त्या रोपांची आवणी, मग कापणी, झोडणी. आणि बारा महिने बांध. खाडीच्या बांधाला खेकडे बिळं पाडतात. एक बीळ राहून गेलं आणि अमावास्या-पुनवेचं उधाण आलं, की त्याच बिळातून पाणी वाट काढतं, बांध फुटतो आणि खारं पाणी शिरलेल्या शेतात पुढची दोन-तीन वर्षं भात होत नाही. म्हणून बाय ओहोटीच्या वेळी बांधावरून अनवाणी चालायची. बीळ डोळ्यांनी नाही, तळव्याने शोधायची. माती जरा हलकी लागली की थांबायची, ओला चिखल घालायची आणि टाचेने ठेचायची. तिच्या टाचांना मिठाने इतक्या खोल भेगा होत्या की त्यात ती मेण वितळवून भरायची. मी एकदा तिच्याबरोबर गेले. पन्नास पावलांत मला एकही बीळ सापडलं नाही, तिला अकरा सापडली.

"तुजे पाय शालेत गेले," ती म्हणाली. "त्यांना काय कलनार?"

सासूबाईंची सहाही बाळंतपणं तिने केली. तिचं लग्न झालं नाही. मिठागरावरच्या एकाने विचारलं होतं, तेव्हा सासूबाई पाचव्या खेपेला होत्या. "आता कशी जाशील?" असं त्या म्हणाल्या आणि तो विषय तिथेच संपला. हे मला बायनेच सांगितलं, भात पाखडताना, दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट सांगावी तसं.

त्या पाचव्या बाळंतपणानंतर पडवीत झोपायला जागा राहिली नाही, म्हणून तिने खळ्याच्या मागे स्वतःच्या हाताने खोप बांधली. कारवीच्या काठ्यांच्या भिंती, त्यावर शेणमातीचा लेप, वर भाताचा पेंढा. आत एक चूल, एक दोरी, एक पेटी. दाराला आतून कडी होती. पडवीला दार नव्हतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला हवं. ती मला म्हणायची, "माजं मागनं एकच हाय, वयनी. मरन तवा माजे खोपीन मरन. पडवीन नाय."

मग नवं शहर येणार अशी बातमी आली. आमची शेतं, शेजारच्या गावांची शेतं, मिठागरं, सगळं सरकार घेणार. नोटिसा आल्या. वकिलाने जुने कागद मागितले, म्हणून सासरेबुवांनी माळ्यावरची पेटी खाली काढली. तिच्या तळाशी मोडी लिपीतला एक कागद निघाला. तो वाचायला एका निवृत्त कारकुनांना बोलावलं. पडवीत सतरंजी घातली, बाय चहा घेऊन आली.

कोकणात इंग्रज कंपनीचा अंमल नुकता बसला होता, त्या काळातलं ते वाटणीपत्र होतं. दोन भावांनी घर वाटून घेतलेलं. कारकून बोट ठेवून वाचत होते. थोरल्याकडे बांधालगतची जमीन, दोन बैल, एक म्हैस, कुणबीण एक, तिच्या मुलीसुद्धा. धाकट्याकडे वरची जमीन, एक बैल, तांब्याची भांडी, कुणबीण एक, वयाने झालेली.

"ते सोडा," सासरेबुवा म्हणाले. "जमिनीच्या हद्दी वाचा."

"कुनबीन म्हंजे कोन?" बायने विचारलं.

कारकून तिच्याकडे न बघता म्हणाले, "तेव्हा बायका विकत मिळत. घरकामाला, शेतकामाला. त्यांना कुणबिणी म्हणत."

बाय हसली. "बगा, त्यांना पैसा तरी परला. मना तर फुकट आनली."

"गप गो," सासूबाई आतून ओरडल्या. "तुला कोन इकत आनली? माज्यासंगती आलीस तू, बहिनीसारकी." त्यांना खरंच राग आला होता.

तर थोरलीच्या प्रश्नाचं उत्तर असं आहे: आपल्याकडे होतं, आपल्याच घरात होतं, आणि त्याचा कागद माझ्या डोळ्यांसमोर वाचला गेला. पण तेवढंच असतं तर मी दोन ओळींत कळवलं असतं. पुढचं माझ्या हातून झालं आहे.

काही दिवसांनी गावात घरांची मोजणी होणार असं कळलं. ज्याचं घर नव्या रस्त्यात किंवा इमारतीत जाईल त्याला दुसरीकडे जागा मिळणार, पण घर मोजणीच्या कागदावर असलं तर. बाय माझ्याकडे आली. मी तुमच्या आईला पाजत होते.

"वयनी, माजी खोप कागदावर येल ना?"

"येईल. मी बघते."

"तू लिवशील?"

"मीच लिहीन."

मोजणीचा माणूस तरुण होता, दिवसाला चाळीस घरं उरकायची होती त्याला. माझं अक्षर बघून त्याने फॉर्मच माझ्यापुढे सरकवला. "वहिनी, छापल्यासारखं लिहिता तुम्ही. भरा ना जरा, मी तोवर बाहेरची मापं घेतो." माझ्या अक्षराचं कौतुक मला आवडलं. मी शाई बदलून घेतली.

बाहेरून त्याने विचारलं, "खळ्यामागची झोपडी कोणाची?"

"आमचीच," सासूबाई म्हणाल्या. "ती का परकी हाय? घरचीच हाय."

"मग वेगळा फॉर्म नको. माणूस याच्यातच घाला."

आता नीट ऐका. मी त्या वेळी थांबून विचार केला, नाही असं नाही. फॉर्मवर कुटुंबातल्या माणसांचे रकाने होते: नाव, वय, कुटुंबप्रमुखाशी नातं. बायचं नाव लिहून मी नात्याच्या रकान्यापाशी आले. 'नोकर' लिहिता आलं असतं. वेगळा फॉर्म मागता आला असता. पण दोन वर्षं मी त्या जर्मनच्या ताटावरून सासूबाईंशी भांडत होते. बायला घरातलं स्टीलचं ताट द्या, पंगतीत बसवा, म्हणत होते. आणि आज सासूबाई स्वतःच्या तोंडाने परक्या माणसासमोर तिला घरची म्हणाल्या होत्या. मला वाटलं, हे शाईने पक्कं करून टाकावं. घराला जे मिळेल त्यात मग तिचाही वाटा येईल. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'नातेवाईक'.

संध्याकाळी मी तिला सांगितलं. ती खोपीच्या दारात बसली होती.

"म्हंजे मी घरची?"

"कागदावर. सरकारी कागदावर."

तिने मागे वळून आत बघितलं. "आनि खोप?"

"खोप आपल्या घराच्या हिश्शातच आली."

"बरं," ती म्हणाली. तिला ते बरं वाटलं नव्हतं. मला ते दिसलं आणि मी ते न दिसल्यासारखं केलं.

जागा मिळणाऱ्यांची यादी लागायला बराच काळ गेला. लागली तेव्हा गावातल्या मिठागर कामगारांच्या झोपड्या तिच्यात होत्या, वीटभट्टीवरच्या दोन विधवांच्या होत्या. खळ्यामागची खोप नव्हती. नकाशावरची नव्या रस्त्याची रेघ नेमकी तिच्यावरून जात होती. आमचं मोठं घर रेघेच्या अलीकडे सुरक्षित राहिलं.

मी कचेरीत गेले. कारकुनाने आमचा फॉर्म शोधून काढला आणि माझ्याकडे वळवला. "बाई, हे अक्षर तुमचंच ना? नातेवाईक लिहिलंय. नातेवाइकाला वेगळी जागा कशी द्यायची? ती तुमच्याकडेच राहणार." तो उद्धट नव्हता. त्यानेच उपाय सांगितला: दुरुस्तीचा अर्ज करा. सोबत कुटुंबप्रमुखाने लिहून द्यायचं, की ही बाई आमच्या नात्यातली नाही, कामाला आहे आणि झोपडी तिने स्वतः बांधलेली आहे.

म्हणजे सासरेबुवांची सही. मी जेवायच्या वेळी विषय काढला. सासूबाईंनी हातातली पळी खाली ठेवली.

"चाळीस वर्सं घरची म्हनलं. आता ती आमची कोन नाय म्हनून लिवून देव? तुला लाज कशी वाटत नाय गो?"

"आई, तिला घर मिळेल."

"हे का घर नाय?"

तुमचे आजोबा मला एकटीला म्हणाले, हा नाद सोड. मी सोडला नाही. अर्ज लिहिला, बायचा अंगठा घेतला. शेवटी सासरेबुवा म्हणाले, बरं, येतो, साहेबांसमोर बघू.

आम्ही तिघं ठाणे-बेलापूर रस्त्याने एस.टी.ने गेलो. बायने इस्त्री नसलेलं पण धुतलेलं हिरवं लुगडं नेसलं होतं आणि पायात माझ्या चपला घातल्या होत्या, त्या तिला होत नव्हत्या. साहेबांनी अर्ज वाचला आणि तिला विचारलं, "आजी, तुम्ही यांच्या कोण?"

मी तिला काही शिकवून नेलं नव्हतं. ती सासरेबुवांकडे एकदा बघून म्हणाली, "कोन नाय सायेब. मी कामाची बाय हाय. खोप माजी हाय. मी बांदली."

आयुष्यात पहिल्यांदा ती खुर्चीवर बसलेल्या माणसाशी मान वर करून बोलत होती. साहेबांनी सासरेबुवांना विचारलं, "हे खरं? सही करता?"

सासरेबुवा आपल्या छत्रीची मूठ पुसत राहिले. मग म्हणाले, "घरी विचार करून कळवतो."

बाहेर आल्यावर ते माझ्याशी बोलले, तिच्याशी नाही. वकील नको म्हणाला होता. आज ही कामाची बाई म्हणून लिहून दिलं, तर उद्या कोणी तिला शिकवील की चाळीस वर्षं ही जमीन तूच कसलीस, आणि जमिनीच्या मोबदल्यात ती हिस्सा मागेल. बाय दोन पावलं मागे उभी होती. तिला सगळं ऐकू येत होतं. बसमध्ये तिने माझ्या चपला काढून माझ्या पायांशी ठेवल्या.

सही झाली नाही. मी ती खोटी करू शकले असते, असंही माझ्या मनात येऊन गेलं. पण मी नियमाने चालणारी बाई. सहीशिवायच अर्ज दिला आणि वाट बघत बसले. दर तीन महिन्यांनी पत्र लिहीत राहिले, एकदा मराठीत, एकदा इंग्रजीत. त्यातल्या एकाही पत्रात मी असं लिहिलं नाही, की माझे सासरे खरं लपवत आहेत. घरातली सून असं लिहीत नाही.

ऐंशी साल उलटल्यावर रस्त्याचं काम आमच्यापर्यंत आलं. शेतं केव्हाच भरावाखाली गेली होती, बांधाचं काम उरलं नव्हतं. मशीन खळ्याशी येऊन थांबलं तेव्हा बायने पेटी, दोरी आणि दाराची कडी बाहेर काढली होती. मशीनवाल्याने हॉर्न दिला.

"थांब रं बाबा," ती म्हणाली, "झाडून घेतंय."

ती आत गेली आणि तिने जमीन झाडली, कोपऱ्यांसकट. केर गोळा करून बाहेर आणून टाकला. मशीनवाला तोपर्यंत विडी ओढत थांबला. मग त्याने काम सुरू केलं. त्याला दोन मिनिटंही लागली नाहीत.

ती पडवीत आली. पुढे तुमचे आजोबा, तुमची आई आणि मी नेरूळला राहायला गेलो. मी तिला म्हटलं, चल माझ्याबरोबर. ती म्हणाली, "तुजे घरान मी कोन?" ती पडवीतच राहिली. मी दर रविवारी डबा घेऊन जात असे. ती खांबाला टेकून रस्त्यावरचे ट्रक बघत बसायची. तिने मला कधी दोष दिला नाही. तुम्हाला वाटेल तिने माफ केलं. तसं नव्हतं. तिने तो विषय काढणंच सोडलं होतं, आणि हळूहळू माझ्याशी बाकीचं बोलणंही कमी केलं.

ती पडवीतच गेली, भर दुपारी, घरातली माणसं जेवत असताना. निरोप आला तशी मी गेले. सासूबाई तिच्या उशाशी बसून आक्रोश करत होत्या, "माजी बहीन गेली गो, माजी पाठची गेली." ते रडणं खोटं नव्हतं. गावातल्या चार माणसांनी तिला नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासरेबुवा नेहमीप्रमाणे देवपूजेला बसले. घरात मृत्यू झाला की जवळची माणसं दहा दिवस सुतक पाळतात, देवाला हात लावत नाहीत. मी दारातून म्हटलं, "अहो, सुतक आहे ना?"

त्यांनी घंटा खाली ठेवली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "सुतक कसलं? ती आपली कोन?"

हेच वाक्य मला सहीसकट हवं होतं, दहा वर्षांपूर्वी. मी ते त्यांना बोलून दाखवलं नाही. स्वयंपाकघरात गेले आणि चहा टाकला.

काय उरलं आहे ते लिहून संपवते. जमिनीच्या बदल्यात घराला पुढे भूखंड मिळाला. त्यावरची इमारत उभी आहे, तिच्यात मी राहते, आणि तुमच्या आईचं शिक्षण त्यातूनच झालं. मोडी कागद वकिलाकडून परत आला नाही. खोपीच्या जागेवर सहापदरी रस्ता आहे. बायचा फोटो कोणी काढला नाही. आम्ही दिलेल्या दुरुस्तीच्या अर्जावर कचेरीचा निर्णय अजून आलेला नाही. त्या अर्जाची पोच, निळ्या शिक्क्याची, माझ्या कपाटात वरच्या खणात प्लास्टिकच्या पिशवीत आहे.